चौदा, कोरडं, अकरा जण

१

हाइको, आधी शिट्टी फुंकणं थांबव. ऐकू येतंय मला, बहिरा नाही झालो. बोलायच्या नळीचं बूच काढून ठेव, कान लाव आणि गप बस, म्हणजे सगळं सांगतो. इतका वेळ कुठे मेला होतास म्हणून काय विचारतोस? कुठे जाणार मी? पंधराव्या खणात, तुझ्या भिंतीला लागून, काल होतो तिथेच आहे.

तू तीन गोष्टी विचारल्यास. हजेरीला आमच्याकडून उत्तर का येत नव्हतं, आपल्यामधलं दार उघडायला हरकत आहे का, आणि तुझ्या फोकोचं इकडे कुणाला काही कळलं का. तिन्ही सांगतो, पण ओळीने. मध्ये तोंड घालायचं नाही. तुझी ती खोड मला पत्ते खेळतानाही आवडत नाही.

हो, खोकला गेला माझा. तेवढं एक बरं झालं.

तो पाववाला बसलाय ना तुझ्याजवळ अजून? भटारखान्यातून घाबरून खाली पळाला आणि तुझ्या डायनामोशी अडकला तो? त्यालाही नळीशी घे. त्या बिचाऱ्याला जहाजाच्या या पोटातलं काही ठाऊक नसणार, म्हणून जरा फोड करूनच सांगतो. तुला कंटाळा आला तर येऊ दे.

तर पाववाल्या, आपली ‘श्वेरीन’ मुळात बांधली ती बुडू नये म्हणून. इंग्रजांच्या बॅटलक्रूझर, म्हणजे मोठ्या लढाऊ बोटी, पळायला आपल्याहून तेज, त्यांच्या तोफाही मोठ्या, पण अंगावरचं पोलाद पातळ. आपल्या गोदीतल्या इंजिनिअरांनी उलटा विचार केला. तोफ थोडी लहान चालेल म्हणाले, पण चिलखत जाड हवं, आणि पोटात इतके खण पाडा की दोन-चार भरले तरी बाकीचे जहाजाला उचलून धरतील. म्हणून आपण सगळे असे डब्यात बसलोय. प्रत्येक खणाला वर जायला एक विहीर, म्हणजे उभा लोखंडी जिना. शेजारच्या खणात जायला दार, तेही सगळीकडे नाही. आणि बोलायला ही नळी. सेंट्रलचा, म्हणजे जहाजाचा तोल आणि पंप सांभाळणाऱ्या खोलीचा, लेफ्टनंट दर थोड्या वेळाने शिट्टी वाजवतो आणि प्रत्येक खण आपापली हजेरी देतो. आकडा, पाणी आहे की कोरडं, आणि माणसं किती. बस्स. सेंट्रलवाले त्यावरून ठरवतात कुठे पंप लावायचा, कुणाला बाहेर काढायचं आणि कुणाचा नाद सोडायचा.

लढाईत बंद झालेलं दार परत उघडायच्या आधी तीन गोष्टी बघायच्या असतात. पलीकडच्यांची हजेरी ऐकायची. भिंतीवर हातोडी मारायची; कोरडा खण घणघणतो, भरलेला नुसता थप्प करतो. आणि दाराच्या मध्यावर पितळी तोटी असते, ती सोडून बघायची, पाणी येतं का. तिन्ही जमलं तरच दार. हे तुला हाइकोने सांगितलं असेलच, सध्या हातोडी घेऊन तोच बसलाय.

२

आमच्या स्विचखोलीत आम्ही तिघं. मी, एन्नो. खोलीचे प्रमुख क्नूपसाहेब; वीस वर्षांची नोकरी, मिश्या झाडूसारख्या, हसले तर आम्ही तारीख लिहून ठेवायचो. आणि अलोइस, बव्हेरियाचा न्हावी, चाळिशीतला राखीव गडी, ज्याने नौदलात येईपर्यंत तळ्याहून मोठं पाणी पाहिलं नव्हतं.

“डोंगरातल्या माणसा, तुला समुद्रावर कुणी पाठवलं रे?” मी त्याला रोज विचारायचो.

“तुम्हा खाऱ्या लोकांना वस्तरा धरता येत नाही म्हणून सरकारने मला बोलावलं,” तो म्हणायचा. “तुझी हनुवटी बघ. बटाटे सोलल्यासारखी दाढी करतोस.”

चौदाव्या खणात, आमच्या दारापलीकडे, टॉर्पेडोची खोली. तिथे अकरा जण, आणि त्यातला एक आमचा गेर्ड. माझा धाकटा भाऊ. हे सगळ्यांना ठाऊक होतं. जेवणाच्या सुट्टीत दार उघडं असायचं आणि आम्ही दोघं उंबऱ्यावर बसून वाटाण्याचं सूप प्यायचो, तो त्याच्या बाजूला पाय सोडून, मी माझ्या. जहाजावर यायला घरून निघताना आईने आम्हाला चहाचा डबा दाखवला होता. युद्धाच्या आधीचा खरा चहा, गच्च बंद केलेला. “दोघं एकत्र आलात की उघडेन,” ती म्हणाली. “एकटा कुणी दारात उभा राहिला तर मी त्याला आत घेणार नाही, सांगून ठेवते.” आमची आई थट्टेत काही बोलत नाही, हाइको. तिच्या वडिलांना आणि आमच्या वडिलांना, दोघांनाही समुद्रानेच नेलं.

काल दुपारी इंग्रजांचा तडाखा बसला तो चौदालाच. तुलाही जाणवलं असेल. दिवा गेला, मग तू आणलास, आणि बघतो तर आमची जमीन तिरकी झालेली, आणि आमच्या विहिरीचं झाकण वाकून असं बसलेलं की तिघांनी लोंबकळूनही हललं नाही. म्हणजे आम्ही अडकलो. पण मला त्याचं काही नव्हतं. मी त्या दाराशी धावलो आणि गेर्ड, गेर्ड म्हणून ओरडत सुटलो.

क्नूपसाहेबांनी हातोडी घेतली. खाली मारली, थप्प. कमरेएवढ्या उंचीवर मारली, थप्प. मग पेटीवर चढून अगदी छताखाली मारली. तिथेही थप्प.

त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. “एन्नो, खाली बस,” म्हणाले.

हजेरीची शिट्टी झाली. तेराने उत्तर दिलं, घोट्याएवढं पाणी, चार जण. चौदाने दिलं नाही. मग आमची पाळी आली आणि साहेबांनी, माझ्याकडे न बघता, नळीत सांगितलं: “पंधरा. कोरडं. तीन जण.”

अलोइसने त्याच्या डब्यातल्या जवाच्या कॉफीची धार माझ्या कपात ओतली. मी रडलो. लपवत नाही. लहान पोरासारखा रडलो.

३

त्यानंतर किती वेळ गेला कोण जाणे. वर म्हणे सकाळ झाली होती, धुकं होतं, आणि जहाज नाक पाण्यात खुपसून कासवाच्या गतीने घराकडे चाललं होतं. खाली सगळं सारखंच. हवा जड झालेली, तोंडात गंजाची चव, आणि ठरलेल्या वेळी ती शिट्टी. लेफ्टनंट दर खेपेला चौदाला हाक मारायचा. यादीत आहे म्हणजे हाक मारायची. दर खेपेला नळी तेवढी क्षणभर गप्प राहायची.

आणि मग एका खेपेला उत्तर आलं.

“चौदा. कोरडं. अकरा जण.”

गेर्डचा आवाज. अरे, माझ्या भावाचा आवाज मला कळणार नाही? मी उडालोच. अलोइसच्या गळ्यात पडलो, त्याचा मुका घेतला, तो म्हणाला अरे हट्, दाढी कर आधी. सेंट्रलमधला लेफ्टनंटही शिस्त विसरून “देवा रे!” म्हणाला, आणि मग घसा खाकरून म्हणाला, चौदा, परत सांगा.

“चौदा. कोरडं. अकरा जण.”

फक्त साहेब हलले नव्हते. ते भिंतीकडे बघत होते.

“हातोडी चुकली असेल, साहेब,” मी म्हटलं. “भिंतीला पलीकडून गाद्या, कोळसा, काहीबाही लागलं असेल.”

“छतापर्यंत?”

“छतापर्यंत! तडाखा बसल्यावर काय कुठे जाऊन पडतं, सांगता येतं का?”

“नाही सांगता येत,” ते म्हणाले. आणि तरी उठून भिंतीला तळवा लावून बसले. भिंत गार होती. तिच्यावर थेंब जमले होते, पाण्याच्या पिंपावर जमतात तसे.

मलाही एक खटकलं होतं, आता सांगतो. गेर्डला बोलायच्या आधी नाक ओढायची सवय. लहानपणापासून. आईने त्यावरून किती धपाटे घातले असतील. त्या हजेरीत नाक ओढलं नव्हतं. मी मनात म्हटलं, सर्दी गेली असेल.

४

मग तेराचं पाणी चढायला लागलं. आमची नळी एकच, त्यामुळे सगळं ऐकू यायचं. गुडघ्याएवढं, चार जण. कमरेएवढं, चार जण. तिथला हजेरी देणारा म्हणजे तो जाडा कार्स्टन, शेवटच्या खेपेला त्याने आकडाही नीट सांगितला नाही, नुसता म्हणाला, “लेफ्टनंटसाहेब, इथे आता उभं राहवत नाही.” मागे बाकीचे खोकत होते, कुणीतरी शिव्या घालत होतं, कुणीतरी प्रार्थना म्हणत होतं.

पुढच्या खेपेला तेरा गप्प.

आणि लगेच, लेफ्टनंटने हाक मारायच्याही आधी: “चौदा. कोरडं. पंधरा जण.”

“वाचले!” अलोइस म्हणाला. “चौघं सुटले, गेर्डकडे आले!”

मीही तेच म्हटलं. सेंट्रलनेही तेच म्हटलं, शाबास म्हणाले चौदाला. अकरा आणि चार पंधरा, सरळ आहे. मग माझ्या डोक्यात ते आलं आणि मी अलोइसकडे बघितलं नाही. या खणांमधून विजेच्या तारा मी ओढल्यात, हाइको. कुठली भिंत कुठे फोडलीय हे मला झोपेतही सांगता येईल. तेरा आणि चौदाच्या मध्ये दार नाही. कधीच नव्हतं. चौदाला एकच दार, आमच्याकडे उघडणारं.

“साहेब,” मी हळूच म्हटलं.

“मला माहीत आहे,” क्नूपसाहेब म्हणाले. “त्या न्हाव्याला सांगू नकोस.”

“विहिरीतून वर जाऊन परत खाली उतरले असतील.”

“असतील.”

“तेराच्या विहिरीतून वर, आणि चौदाच्या विहिरीतून खाली.”

“वर गेलेला माणूस परत खाली कशाला उतरेल, एन्नो?”

 मी विजेच्या फळ्यावरच्या काट्यांकडे बघत बसलो. मी काट्यांवर विश्वास ठेवणारा माणूस. चौदाच्या विजेचा काटा शून्यावर होता. म्हणजे तिथे दिवा नव्हता, पंखा नव्हता, आणि पंधरा माणसं तिथे अंधारात कोरडी बसली होती.

मग वरची मलमपट्टीची खोली गेली. तीच रे, जिथे हाताला लागलं म्हणून फोकोला नेलं होतं. आग लागली म्हणतात, मग पाणी सोडावं लागलं. तिथून ओरडण्याचा आवाज नळीशिवायही ऐकू आला, आणि थांबला.

“चौदा. कोरडं. एकतीस जण.”

थांब, थांब. फोकोचं सांगतो म्हटलं ना? शेवटी सांगतो.

५

एकतीस माणसं. त्या खोलीत अकरा जण असताना गेर्ड तक्रार करायचा की वळलं तरी टॉर्पेडोला कोपर लागतं. आणि पहिल्यापासून काय चुकत होतं ते आता मला कळलं. इतर खणांची हजेरी ऐकताना मागचा गलबला ऐकू येतो. खोकला, भांडणं, पाण्याची चुबुक चुबुक. चौदाच्या मागे काही नव्हतं. गेर्डचा आवाज, आणि त्याच्या मागे नुसती शांतता.

हजेरी संपल्यावर नळी मोकळी होती. मी तोंड लावलं.

“गेर्ड. एन्नो बोलतोय.”

“एन्नो.” अगदी जवळून. “ये ना इकडे.”

“तिथे दाटी असेल.”

“जागा आहे.”

“दिवा नाही तुमच्याकडे.”

“लागत नाही.”

“गेर्ड, मागे कुणी बोलत का नाही? कार्स्टनला बोलू दे जरा. त्याला दोन शब्द बोलू दे.”

 मग: “ते बोलत नाहीत. ऐकताहेत.”

अलोइसने हे ऐकलं. तो उभा राहिला आणि मुकाट्याने दारापासून जितकं लांब जाता येईल तितकं गेला, आणि जमीन तिरकी असल्यामुळे घसरत परत आमच्याकडेच आला. दुसरी वेळ असती तर आम्ही हसलो असतो.

साहेब म्हणाले, “तोटी सोडून बघू. हातोडी म्हणते भरलंय, हजेरी म्हणते कोरडं. तोटी काय म्हणते?”

त्यांनी तोटी फिरवली. आम्ही तिघं तिच्या तोंडाकडे बघत होतो. पाणी आलं नाही. थेंबसुद्धा नाही.

“बघा!” मी ओरडलो. “बघा साहेब!”

“कचऱ्याने तुंबली असेल,” ते म्हणाले. माझ्या फळीवरून तांब्याची हातभर तार घेतली, सरळ केली, आणि तोटीच्या तोंडातून आत सारायला लागले. तार वीतभर गेली. मोकळी जात होती. आणखी थोडी गेली. आणि मग थांबली.

“काहीतरी लागलं का?” अलोइसने विचारलं.

 त्यांच्या बोटांत उरलेलं तारेचं टोक हळूहळू आत जात होतं. ते ढकलत नव्हते. मी त्यांच्या बोटांकडेच बघत होतो, ती उघडी होती. तार कुणीतरी पलीकडून ओढून घेत होतं, हिसका न देता, सावकाश, सुईतून दोरा ओढावा तशी. टोक तोटीत शिरलं आणि दिसेनासं झालं.

वीस वर्षांच्या नोकरीच्या माणसाने दोन्ही हात पाठीमागे लपवले. मी घाबरलो तो तेव्हा घाबरलो, हाइको. तारेला नाही. त्यांच्या हातांना.

“हे दार उघडायचं नाही,” ते म्हणाले.

“पण तार ओढली म्हणजे तिथे माणूस आहे!” माझा आवाज चिरकला. “पाण्यात कोण तार ओढेल?”

“हेच मी म्हणतोय,” साहेब म्हणाले.

६

मग हुकूम आला. साधा, कामाचा, थकलेल्या लेफ्टनंटच्या आवाजात. जहाजाचं नाक खाली आहेच, आता ते पलीकडच्या कुशीवर कलायलाही लागलंय. पंधरा रिकामा करायचा आणि मुद्दाम पाणी भरून जहाज सरळ करायचं. चौदा कोरडा आहे आणि त्यांची विहीर मोकळी आहे असं चौदाने कळवलंय. तेव्हा पंधराने दार उघडावं, चौदात जावं, आणि तिथून सगळ्यांनी मिळून वर यावं.

“सेंट्रल,” क्नूपसाहेब म्हणाले, “चौदाची भिंत छतापर्यंत भरलेली वाजते.”

“चौदाने कोरडं म्हणून हजेरी दिलीय.”

“हजेरी खरी वाटत नाही, लेफ्टनंटसाहेब.”

 असलं वाक्य त्या लेफ्टनंटने जन्मात ऐकलं नसेल, आणि आपल्या नौदलात दुसऱ्या कुणी उच्चारलंही नसेल. थापा मारतो आपण, मार चुकवायला, बायकोपुढे, गोदीतल्या मुकादमापुढे. पण हजेरीला? हजेरीवर तर सगळं जहाज तरंगतं. हजेरी खोटी म्हटली तर मग खालीवर काही उरतच नाही.

“एकतीस माणसं खोटं बोलताहेत असं म्हणायचंय तुम्हाला?” लेफ्टनंट म्हणाला. “तुमच्यासाठी सगळे खोळंबलेत. दार उघडा. थोड्या वेळात पाण्याचे नळ सोडतोय, तुम्ही तिथे असा की नसा.”

अलोइस रडायला लागला. “इथे बुडवणार आपल्याला. आपल्याच माणसांच्या हातून बुडणार मी. उघडा ना, उघडा काहीही असलं तरी!”

“काहीही असलं तरी?” साहेबांनी विचारलं.

अलोइसने दाराकडे पाठ केली.

दुसरं दार तुमच्याकडचं, सोळाचं, हे मला कसं सुचलं नाही म्हणतोस? सुचलं होतं. साहेबांनी विचारलंही. पण तुमच्याकडे डायनामो. आमच्या मागोमाग पाणी तिकडे आलं तर सगळ्या जहाजाची वीज जाते, पंप जातात. सोळाचं दार उघडायचं नाही असा कडक हुकूम होता. आम्ही तुमच्यासाठी मागे राहिलो असं समज हवं तर. उपकार म्हणून सांगत नाही.

साहेबांनी मोठा पाना उचलला. दाराच्या खिट्ट्या त्यानेच फिरवायच्या असतात. त्यांनी तो माझ्यासमोर धरला.

“हुकूम मी ऐकला,” ते म्हणाले. “माझ्या हातून होणार नाही. भाऊ तुझा आहे. तू ठरव. बसायचं असलं तर मी तुझ्याजवळ बसतो.”

७

मला ठाऊक होतं का? तू तेच विचारणार. होतं. हातोडी खोटं बोलत नाही, काटा खोटं बोलत नाही. आणि गेर्डने नाक ओढलं नव्हतं. मला सगळं ठाऊक होतं आणि तरी माझ्या डोळ्यांसमोर सारखा तो चहाचा डबा. दारात मी एकटा उभा. आई माझ्याकडे बघत नाही, माझ्या खांद्यामागे बघतेय, दुसरा कुठाय म्हणून. बुडण्याची भीती मला त्या नजरेएवढी वाटली नाही. हे तुला कळेल. बाकी कुणाला नाही तरी तुला कळेल.

मी नळीपाशी गेलो. “गेर्ड, शेवटचं विचारतो. तिथे खरंच कोरडं आहे?”

“ये आणि बघ,” तो म्हणाला. आणि मग, हाइको, त्याने नाक ओढलं. मी मनात म्हटलेलं त्याने ऐकल्यासारखं.

मी पहिली खिट्टी फिरवली. दुसरी. साहेब माझ्यामागे येऊन उभे राहिले आणि त्यांनी अलोइसच्या खांद्यावर हात ठेवला. “डोंगरातल्या माणसा, डोळे मीट,” म्हणाले. भरलेल्या खणाचं दार असं असतं की शेवटची खिट्टी निघताच ते माणसाला चिरडत उघडतं. हे दार नाही उघडलं तसं. मला ते ओढावं लागलं. हलकं आलं.

पाणी उंबऱ्यावर उभं होतं. खालपासून वरपर्यंत, चौकटीएवढं, काळं, स्थिर. आमच्याकडे एक थेंब सांडत नव्हता. आमच्या दिव्याचा उजेड त्यात थोडा आत गेला होता, आणि जिथवर गेला होता तिथवर चेहरे होते. एकामागे एक, सगळे आमच्याकडे तोंड केलेले, कान जरा पुढे केल्यासारखे. पुढच्याच्या हातात तांब्याची तार होती.

पुढचं सांगण्यासारखं काही नाही. गेर्डने हात पुढे केला. मी धरला. आमची दोघांची बसायची जागा तीच ना, उंबरा.

८

म्हणून हजेरी चुकली आमची. आता नाही चुकायची.

तुझ्या हातोडीला पंधराची भिंत भरलेली वाजते म्हणतोस. अरे, पलीकडून गाद्याबिद्या लागल्या असतील. आमच्या दिव्याचा काटा शून्यावर पडलाय म्हणतोस. पडू दे, लागत नाही दिवा. सेंट्रल केव्हाची उत्तर देत नाही म्हणून तुला काळजी वाटतेय, तर सेंट्रलची काळजी करू नकोस, लेफ्टनंटही इथेच आहे. चांगला माणूस आहे. आता ओरडत नाही.

क्नूपसाहेबांना बोलू दे म्हणतोस? ते बोलत नाहीत. अलोइसही नाही. ऐकताहेत.

पाववाला का रडतोय? त्याला सांग, घाबरण्यासारखं काही नाही. आणि तू हातोडी खाली ठेव. तुझ्या मामाचा मुलगा, सख्ख्या भावापेक्षा जवळचा, तू त्याला भरतीच्या रांगेत स्वतः घेऊन गेलास, आणि आता मामीला काय तोंड दाखवू म्हणून कालपासून तुझ्या घशाखाली घास उतरत नाहीये. मला ठाऊक आहे सगळं. म्हणून तर शेवटी सांगतो म्हटलं.

फोको इथे आहे, हाइको. माझ्या शेजारी. दारापाशीच उभा आहे, तुझ्या बाजूच्या. हाताला पट्टी आहे अजून. तुझी वाट बघतोय.

तू तोटी सोडलीस ना आता? दिसतंय मला. पाणी येत नाहीये, बघ. एक थेंब तरी आला का? आणि ही तार तूच सारलीस आत. शहाणा माणूस, तिन्ही गोष्टी बघून घेतोस, तसंच करावं.

धर घट्ट. फोकोच ओढतोय.

लिहून घे, तू विचारलंस म्हणून रीतसर सांगतो, हजेरी म्हणजे हजेरी: पंधरा. कोरडं. बेचाळीस जण. आणि जागा आहे.